जांभोजीमामाचं गळकं मडकं

एका जंगलात समुद्र होता.

हसू नका. आधी ऐका. खरा समुद्र तिथून पार लांब. वाटेत डोंगर, दऱ्या, करवंदीच्या जाळ्या. तरी त्या जंगलात समुद्र होता, आणि तो राजाच्या गुहेत एका दगडी डोणीत मावत होता. डोणी म्हणजे दगड कोरून केलेलं टाकं. गुरं पाणी पितात तसलं, पण चांगलं ऐसपैस.

हा समुद्र तिथं आला कसा? तर आहेरात आला.

त्या जंगलाचा राजा डरकोजीराजे. जातीचा सिंह. डरकाळी मोठी होती त्याची. पण डरकाळी फोडून झाली की चोरून इकडेतिकडे बघायचा, कुणी दचकलं की नाही ते. त्याच्या घरी बछडा झाला, बारसं झालं, मुलखातून आहेर आले. समुद्राचा राजा देवमासा. त्याला काही डोंगर चढता येईना. त्यानं आपली कासवीण पाठवली. तिच्यामागून हत्तीच्या पाठीवर ती डोणी, डोणीत समुद्राचं पाणी, आणि पाण्यात एक पोवळं.

पोवळं तुम्ही अंगठीत पाहिलं असेल. ते मेलेलं. हे जिवंत होतं. तांबडं, कडेनं जांभळं, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं फुललेलं. त्याला बारीक बारीक तोंडं. ज्वारीच्या कणसाला दाणे असावेत तशी. एकेक तोंड म्हणजे एकेक जीव, बरं का. सगळ्यांचं मिळून एक घर. आणि ते घरही त्यांनीच बांधलेलं, पाण्यातला चुना कणाकणानं वेचून.

राजा डोणीवर वाकला. "काय गं, नाव काय तुझं?"

"आम्ही पोवळाबाई," पोवळं म्हणालं.



"आम्ही?" राजाच्या मिशा हलल्या. "या जंगलात 'आम्ही' कोण म्हणतं, ठाऊक आहे का?"

"नाही ठाऊक आम्हाला."

"आम्ही म्हणतो!"

"अगंबाई, तुम्हीपण आत पुष्कळजण राहता का?"

तिनं भाबडेपणानंच विचारलं हो. पण सभेतल्या माकडांनी तोंडं दाबली आणि राजाला ते लागलं.

"माझ्यापुढं... म्हणजे आमच्यापुढं, 'मी' म्हणायचं!"

"आम्ही शिकू," पोवळाबाई म्हणाली.

मग कासवीण बोलायला उभी राहिली. आहेर सांभाळायचा कसा, ते तिला सांगायचं होतं.

"हे... पाणी..." एवढं म्हणून तिनं श्वास घेतला. कासवाचा श्वास तो. तेवढ्यात माकडांची केळी सोलून खाऊन झाली.

"...जसं... आहे..."

राजाला शिकारीला जायचं होतं. तो गेला. राजा गेला म्हणून प्रधान गेला. प्रधान म्हणजे बकोबा बगळा. बकोबा गेला म्हणून बाकीचे गेले. दिवस कलायला आला तेव्हा कासविणीचं सांगणं संपलं. तेव्हा तिच्यापुढं एकच श्रोता उरला होता. राणीचा भाऊ, जांभोजीमामा.

तोही ऐकत नव्हता. झोपला होता.

दुसऱ्या दिवशी राजानं विचारलं, "काय सांगून गेली ती?"

सगळे एकमेकांची शेपटं बघायला लागले.

"शेवटपर्यंत कोण बसलं होतं?"

"मामासाहेब होते, महाराज."

झालं! जांभोजीमामा पोवळ्यातला जाणकार ठरला. आणि राजानं त्याला डोणीवर नेमून टाकला.

आता हा जांभोजीमामा कोण, तर तोही सिंहच. पण बिनकामाचा. बहिणीकडे चार दिवस राहायला म्हणून आलेला, आणि राहिलेला. आयाळीत काटेकुसळं, तोंडात सदा पान, आणि बोलण्यापेक्षा जांभया जास्त.

राजानं त्याला बजावलं, "मेव्हणे, हा समुद्राचा आहेर आहे. पोवळं मेलं तर देवमाशाला काय तोंड दाखवायचं आम्ही? ते मेलं, की तुम्ही जंगलाबाहेर. मग नातं सांगत यायचं नाही."

"बरं, दाजी," मामा म्हणाला.

राणी त्याची थोरली बहीण. तिनं त्याला बाजूला घेतलं. "जांभ्या, आता तरी काहीतरी कर रे बाबा."

"करतो की, आक्का," असं म्हणून मामा डोणीशेजारी आडवा झाला.

आणि तसाच राहिला.

त्याच्या उशाशी, डोणीच्या वरच्या कपारीत, एक मडकं होतं. मामाच्या पिण्याच्या पाण्याचं. हत्ती सकाळी येऊन ते भरून जायचा. मडकं गळकं होतं. आक्का म्हणायची, "अरे, बदल ते." मामा म्हणायचा, "बदलतो." मडकं आपलं थेंब थेंब डोणीत गळायचं.

मामाला पान लागायचं. पान लावलं की बोटावर चुना उरतोच. शहाणी माणसं तो भिंतीला पुसतात. पण भिंतीशी जायचं म्हणजे उठावं लागतं. मडकं हाताशी. मामा बोट मडक्याच्या आत पुसायचा. चुना खाली बसायचा, वरची नितळ निवळी थेंब थेंब गळायची. ते पाणी पिऊन एकदा मामाची जीभ पोळली. तेव्हापासून हत्ती आला की तो सोंडेखाली आ करून प्यायचा. मग मडकं कशाला भरायचं? हत्तीनं विचारलं नाही, मामानं सांगितलं नाही.

गुहेच्या छताला भोक होतं. त्यातून ऊन डोणीवर यायचं. ऊन पाणी उडवून नेतं, पण मीठ काही नेत नाही. ते मागं राहतं आणि उरलेलं पाणी जास्तच खारट करतं. पण इथं ऊन जेवढं न्यायचं, तेवढं मडकं परत द्यायचं. आणि घर बांधायला पोवळाबाई पाण्यातला चुना संपवायची, तोही त्याच थेंबांतून परत यायचा. शिवाय मामाचं शेपूट. ते डोणीत लोंबायचं आणि माश्या वारत डुलायचं. त्यानं पाण्याला लाटा यायच्या. समुद्रात येतात तशा.

मामाला यातलं काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगितलं. त्याला सांगू नका. उगीच कामाला लागेल.

त्या दोघांचं मात्र छान जमलं.

"मामा, आजचं पाणी अगदी कालच्यासारखं आहे हो."

"मीपण."

पोवळाबाई हसायची. ती हसली की शेकडो तोंडं एकदम हसायची. चुलीवर भात रटरटावा तसा आवाज यायचा.

साऱ्या जंगलात मामाला "तू करतोस तरी काय?" असं न विचारणारी ती एकटी होती. एकदा त्यानंच विचारलं, "पोवळाबाई, कंटाळा नाही येत? रोज तेच पाणी?"

"मामा, तुम्हाला पाय आहेत. तुम्ही परगावी जाता, नाही आवडलं तर परत येता. आम्हाला पाय नाहीत. पाणी बदललं की आम्ही बसल्याजागी परगावी जातो. रोज नवं गाव नाही सोसत आम्हाला."

मामानं यावर फार विचार केला. मग त्याला झोप लागली.

पोवळाबाई बोटाबोटानं वाढत होती. बघायला कुणी येत नव्हतं. आलेला आहेर घरात ठेवला की कोण परत बघतो?

मग एक दिवस कावळा निरोप घेऊन आला. कासवीण आहेर बघायला निघाली आहे! आत्ताच समुद्रावरून निघाली आहे. म्हणजे पोहोचायला पावसाळा उलटणार. पण निघाली ती निघाली.

राजाला एकदम डोणी आठवली. तो बकोबाला घेऊन आत आला आणि दारातच थबकला.

भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. मडक्यावर चुन्याचे ओघळ. मडकं गळतंय. आणि देवमाशाच्या आहेरात मेव्हण्याचं शेपूट बुडालेलं.

"शिव शिव शिव," बकोबानं एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकला.

"मेव्हणे!" राजा गरजला. "इतक्या दिवसांत पाण्यात काय सुधारणा केलीत?"

मामानं एक डोळा उघडला. "सुधारणा? काही नाही, दाजी. पाणी होतं तसं आहे."

"होतं तसं? लाज नाही वाटत सांगायला?"

"महाराज," बकोबा हळूच म्हणाला, "पलीकडच्या वाघाच्या जंगलात म्हणे रोज काहीतरी बदलतं."

त्याच दिवशी डोणी-सुधार मंडळ निघालं. बकोबा मुख्य. पाण्याची परीक्षा करायला काटेवैद्य, म्हणजे साळिंदर. बाकी टाळ्या वाजवायला माकडं होतीच.

मामाला काढायचं तर राणी रागावणार. म्हणून त्याला तिथंच ठेवला, पण सरळ बसवला. गळ्यात उपरणं घातलं. पान बंद. शेपूट गुंडाळून त्याला गोंड्यासारखी गाठ मारली. भिंती घासल्या. गळकं मडकं उकिरड्यावर गेलं. त्याच्या जागी नवं रंगवलेलं मडकं आलं. त्यातून थेंबसुद्धा गळत नव्हता. बकोबानं ते सगळ्यांना वाकवून वाकवून दाखवलं.

मग सुधारणा सुरू झाली.

काटेवैद्यानं जास्वंदीचा रस आणला. चमचाभर पाणी घ्यायचं, त्यात रसाचा थेंब टाकायचा. गुलाबीकडे झुकला तर पाणी आंबट, हिरव्याकडे झुकला तर खार. वैद्यानं थेंब टाकला. डोळे बारीक केले.

"खार!" तो ओरडला. "फार खार!"

"मग समुद्र काय गोड असतो?" मामा पुटपुटला.

"मामासाहेब, उपरणं नीट करा," बकोबा म्हणाला.

चिंचेचं पाणी ओतलं. टाळ्या झाल्या. सशानं बाहेर दवंडी दिली, "ऐका हो ऐका! पाणी सुधारलं हो!" दुसऱ्या दिवशी वैद्यानं पुन्हा थेंब टाकला आणि कपाळाला हात लावला. "आंबट!" मग राखेचं पाणी ओतलं. पुन्हा टाळ्या, पुन्हा दवंडी. तिसऱ्या दिवशी खार. चौथ्या दिवशी आंबट. सशाचा घसा बसला.

इकडे मडकं गळत नव्हतं. ऊन पाणी उडवत होतं. डोणीतलं पाणी वीतभर उतरलं. मंडळाच्या ते ध्यानात आलं तेव्हा हत्तीला बोलावलं आणि त्यानं सोंडभर नदीचं पाणी एकदम आत सोडलं. भसकन! काल लोणच्यासारखं खारट, आज ताकाच्या निवळीसारखं मचूळ. आणि चुना? चुन्याचं नाव कुणी काढायचं नाही. चुन्याचे डाग पडतात.

"मामा," पोवळाबाई हळूच म्हणाली, "आज आम्ही कुठल्या गावी आहोत?"



पोवळाबाईच्या अंगात शेवाळाचे बारीक जीव राहायचे. भाडेकरूच म्हणा ना. ते उन्हावर रांधायचे आणि तिला वाढायचे. तिचा तांबडा, जांभळा रंग त्यांचाच. पाण्याची ही धरसोड बघून त्यांनी एकेक बिऱ्हाड उचललं आणि ते चालते झाले. पोवळाबाई फिकी पडली. मग फिकट गुलाबी. मग पांढरीफटक.

आणि जंगलात केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

"अगं, गोरी झाली गं!" लांडोर म्हणाली. "हळद नाही, साय नाही, आणि बघ तरी!"

"आधी कशी रापलेली होती, नाही?" कोल्हीण म्हणाली. "आता चारचौघांत दाखवण्यासारखी दिसते."

"मंडळाचा हातगुण," बकोबा मान खाली घालून म्हणाला. बगळा पडला. पांढऱ्या रंगावर त्याचा फार जीव.

मामानं डोणीला कान लावला. पूर्वी भात रटरटल्यासारखा आवाज यायचा. आता कुठंतरी एखादं शीत फुटल्यासारखा यायचा.

"पोवळाबाई, हल्ली कमी बोलता."

"हल्ली आम्ही कमी आहोत, मामा."

मामा उठला. आपणहून उठला! हत्तीनं ते बघितलं आणि त्याच्या सोंडेतलं पाणी सांडलं. मामा तडक राजाकडे गेला.

"दाजी, ती मरतेय."

"गोरी झाली म्हणजे मरतेय का?"

"मामासाहेबांना सुधारणा बघवत नाही, महाराज," बकोबा म्हणाला. "पान बंद झाल्याचं दुःख आहे ते."

"बरं, मग काय करायचं म्हणता, मेव्हणे? तुम्ही होता तेव्हा काय करत होता? सांगा, तेच करू."

काय करायचं ते मामाला ठाऊक नव्हतं. पूर्वी काय करत होता तेही ठाऊक नव्हतं.

"बघा!" राजा म्हणाला.

आक्कानं मात्र भावाचा चेहरा बघितला. या चेहऱ्यावर तिनं झोपेशिवाय काही पाहिलेलं नव्हतं. तिनं देव पाण्यात घातले. डोणीत नव्हे हो! वाटीत. तेवढी तिला अक्कल होती.

मग एके दिवशी राजा सगळ्यांना घेऊन डोणीपाशी आला. कासवीण डोंगराच्या पायथ्याशी दिसली म्हणून कावळा सांगून गेला होता. राजा वाकला.

"काय पोवळाबाई, कसं काय आहे सुधारलेलं पाणी?"

मग एका कडेच्या भेगेतून बारीकसा आवाज आला.

"मी... बरी आहे."

राजा ताठ उभा राहिला. त्याची आयाळ फुलली.

"ऐकलंत? 'मी' म्हणाली! शिकली एकदाची!"

"मंडळाचं सगळ्यात मोठं यश, महाराज!" काटेवैद्य म्हणाला. माकडांनी टाळ्या वाजवल्या. सशानं बसलेल्या घशानं दवंडी दिली.

मामानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो डोणीच्या काठावर पंजा ठेवून बसला होता. गर्दी पांगायला लागल्यावर त्यानं विचारलं, "बाकीच्या कुठं गेल्या?"

"गेल्या," ती म्हणाली. "मी आहे."

हे ऐकणारा आणखी एकजण होता. बकोबा. त्याचा सारा जन्म पाण्यात टक लावून उभं राहण्यात गेलेला. मरायला टेकलेलं त्याला लांबून कळतं. त्यानं एकदा डोणीत बघितलं, एकदा डोंगराच्या पायथ्याकडे बघितलं, आणि गळा साफ केला.

"महाराज, मंडळाचं कार्य सिद्धीला गेलं! डोणी सुधारली. आता आम्ही ती मोठ्या मनानं मामासाहेबांच्या हवाली करतो. शेवटी त्यांचाच मान."

"वा!" राजा म्हणाला. "मेव्हणे, अट आठवते ना?"

काटेवैद्य त्याच दुपारी तीर्थयात्रेला निघून गेला.

आक्का पळतच आली. "जांभ्या, तुझ्या गळ्यात घातलं रे त्यांनी! कासवीण यायच्या आत निघून जा. पलीकडच्या जंगलात जा. तिथं मावशी आहे आपली. उद्या त्यांनी हाकलून देण्यापेक्षा आज आपण होऊन गेलेलं बरं."

मामानं गुहेच्या दाराकडे बघितलं. बाहेर वाट मोकळी होती. उताराची होती. त्याच्यासारख्यालासुद्धा जमली असती.

"जायला पाय लागतात, आक्का," तो म्हणाला. "मला आहेत. तिला कुठं आहेत?"

"अरे, पण तू बसून करणार काय?"

"काही नाही."

"मग?"

"पण बसणार."

आक्कानं डोळ्याला पदर लावला आणि ती गेली.

मामानं उपरणं फाडून टाकलं. शेपटाची गाठ दातानं सोडली. दुःख झालं की माणसाला आपल्या सवयी आठवतात, मग ते माणूस सिंह असलं तरी. त्यानं पान मागवलं. चुना लावला. बोट पुसायला पंजा उचलला तर पुढ्यात ते नवं रंगवलेलं मडकं. त्याचा त्याला राग आला. एका फटक्यात त्यानं ते फोडलं.

"माझं मडकं आण," तो हत्तीला म्हणाला.

हत्तीनं उकिरड्यावरून मडकं शोधून आणलं. कपारीत ठेवलं, भरलं. मामानं त्यात बोट पुसलं आणि तो आडवा झाला. शेपूट डोणीत गेलं. थेंब पडायला लागला.

गुहेच्या दारात माकडं डोकावली. "मामासाहेब, थोडं चिंचेचं..."

मामानं मान वळवली. "जो सुधारायला येईल, त्याला खाईन."

तेव्हा जंगलाच्या ध्यानात आलं, की अरे, हाही सिंहच की. मग कुणी फिरकलं नाही.

पाऊस धो धो पडत होता. डोंगरावरून लोंढे येत होते, आणि कासवीण चार पावलं चढली की दोन पावलं घसरत होती. मामा रोज कान लावायचा. रोज तेच ऐकू यायचं. "मी आहे." तो म्हणायचा, "मीपण." एखाद्या दिवशी तेही ऐकू यायचं नाही. मग तो पान तसंच तोंडात धरून बसायचा. चावायचा नाही, आवाज होईल म्हणून.

आणि एक दिवस ढग फाटले. भोकातून उन्हाचा पट्टा आत आला.

"मामा."

"काय?"

"आजचं पाणी कालच्यासारखं आहे हो."

"असेल."

"परवाच्यासारखंपण आहे. आम्ही दोघी आहोत."

मामाचं शेपूट इतकं हललं, की पाणी काठावरून सांडलं.

दोघींच्या चौघी झाल्या. गेलेले भाडेकरू पाण्याची चाल बघून एकेक करत परत आले, चुली पेटल्या, रंग चढला. पूर्वीएवढी नाही झाली ती. पुष्कळसं घर ओसाडच राहिलं. पण एका अंगानं तांबडी, कडेनं जांभळी, अशी पोवळाबाई पुन्हा नांदायला लागली.

तेवढ्यात कासवीण आली.

सभा भरली. कासवीण डोणीशी गेली. काठाला नाक लावून तिनं पाणी हुंगलं. फार वेळ बघितलं.

"जिवंत... आहे," ती म्हणाली. "कुणी... सांभाळलं?"

हे दोन शब्द पुरे होईपर्यंत बकोबा तिच्यापुढं येऊन उभा राहिला होता. त्यानं मंडळाची हकिगत सांगितली. जास्वंदीचा रस, चिंच, राख, दवंडी, काही म्हणून सोडलं नाही.

"आणि आमचा जांभ्या?" राणीनं विचारलं. "तो नाही का बसला?"

"बसले होते," बकोबा म्हणाला. "ते मान्य केलंच पाहिजे. बसलेलेच होते."

राजानं पोवळाबाईकडे बघितलं. "बोल गं. सांग पाहुण्यांना, मंडळानं तुझं किती केलं ते."

"आम्हाला..." पोवळाबाईनं सुरुवात केली.

"आम्हाला?" राजा उसळला. "पुन्हा 'आम्ही'? मंडळ होतं तेव्हा चांगली 'मी' म्हणत होतीस!"

"आणि रंग तरी बघा," लांडोर हळहळली. "तेव्हा कशी गोरीपान होती. काळवंडली पुन्हा."

"संगत," कोल्हीण म्हणाली.

सगळ्यांनी मामाकडे बघितलं. भिंतीवर नवी पिचकारी होती. मडकं गळत होतं.

"मेव्हणे," राजा म्हणाला, "मंडळानं एवढं सुधारून तुमच्या हाती दिलं, आणि तुम्ही पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवलंत! पोवळं मेलं नाही, म्हणून जंगलात राहा. पण आजपासून तुम्ही डोणीवर नाही."

"बरं, दाजी," मामा म्हणाला आणि होता तिथंच आडवा झाला. पदावर नव्हता, पण जागेवर होता. त्याला उठवायचं कुणाला सुचलं नाही, कारण तेवढ्यात सत्काराची घाई सुरू झाली.

बकोबाला शाल दिली, नारळ दिला. यात्रेहून परत आलेल्या काटेवैद्यालाही दिला. त्याच्या काट्यांवर शाल टिकेना, तेव्हा ती माकडांनी धरून ठेवली. राजानं भाषण केलं. एवढीशी डोणी ज्यांनी सुधारली, त्यांना डोणीत अडकवून ठेवणं बरं नव्हे, असं तो म्हणाला. एवढ्या हुशारीला जागा मोठी हवी.

म्हणून डोणी वाचली. मंडळाला नदी दिली.

दुसऱ्याच दिवशी काटेवैद्य जास्वंदीचा रस घेऊन नदीवर गेला. पाठोपाठ हत्तींच्या पाठीवर चिंचेच्या कणग्या निघाल्या. नदीत तेव्हा मासे होते.

तात्पर्य: ज्याच्या हातून बिघडतं, त्याला शालीबरोबर नारळ मिळतो. ज्याच्या हातून बिघडत नाही, त्याला नुसताच नारळ मिळतो. तेव्हा बाळांनो, मोठेपणी कुठं काही चांगलं चाललेलं दिसलं, तर त्याला हात जोडू नका. हात घाला.